भंडारदऱ्याच्या अंधाराची जबाबदारी घ्या : एक खुले पत्र

प्रति,
भंडारदरा परिसरातील जंगल, जलाशय, पर्यटन आणि बंदोबस्त यांविषयी निर्णय घेणारे सर्व अधिकारी

विषय : काजव्यांच्या हंगामातील बेशिस्त पर्यटन आणि आधीपासून असलेल्या नियमांची न होणारी अंमलबजावणी

महोदय,

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागला की मुंबई, पुणे आणि नाशिक इथून शनिवारी दुपारी निघालेल्या गाड्या संध्याकाळपर्यंत शेंडी गावात येऊन एकमेकींना भिडतात आणि तिथून पुढे मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर या वाटेने मध्यरात्र उलटेपर्यंत हेडलाइटांची रांग सरकत राहते. गाड्यांतली बहुतेक माणसे काजवे पाहायला आलेली असतात. काजव्यांना अंधार लागतो हे त्यांना ठाऊक असते, आपल्यालाही ठाऊक आहे. तो अंधार राखण्याचे काम कोणाचे, असे विचारले तर मात्र पावती फाडणारा वरिष्ठांकडे बोट दाखवतो, तंबूवाला पर्यटकांकडे आणि पर्यटक सरकारकडे. मागच्या हंगामात जे पाहिले त्यानंतर गप्प राहणे मला जमले नाही, म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहे, कारण उत्तराची वाट पाहणारा मी एकटा नाही.

मी भंडारदऱ्याचा नाही, नाशिकला राहतो. महाविद्यालयात असताना घोटीहून एसटीने बारीला जाऊन कळसूबाई चढलो, उतरल्यावर पाय इतके भरून आले होते की घरी परतण्याऐवजी शेंडीला मुक्काम केला, आणि तेव्हापासून सुट्टी म्हटली की आमच्या घरात दुसऱ्या ठिकाणाचे नाव फारसे निघत नाही. पावसाळ्यात धरणाखालचा छत्री धबधबा, थंडीत साम्रदची सांदण दरी, उन्हाळ्यात रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या दगडी मंडपातला गारवा, असे आमचे वर्ष त्या जलाशयाभोवती फिरत आले आहे. तासभर काहीही न करता पाण्याकडे बघत बसता येते, हे माझी मुले तिथे शिकली. ज्या घरी आम्ही उतरतो तिथल्या मावशी नागलीची भाकरी आणि पिठले वाढताना ‘यंदा पाऊस कधी, काही कळलं का?’ असे आम्हालाच विचारतात. महाबळेश्वर किंवा लोणावळा यांच्यासारखी बाजारपेठ इथे नाही, रात्री नऊनंतर चहाही सहज मिळत नाही, आणि आम्हाला हे गाव आवडण्याचे एक मोठे कारण तेच आहे. तेव्हा मी पाहुणा असलो तरी परका नाही, एवढ्या अधिकाराने पुढचे लिहितो.

या जागेची कागदावरची स्थिती आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. १९१० मध्ये काम सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झालेले विल्सन धरण आणि त्यामागचा सुमारे ११ टीएमसीचा जलाशय प्रवरेच्या खोऱ्यातल्या शेतीचा आणि कित्येक गावांच्या पिण्याच्या पाण्याचा आधार आहे. सभोवतालचे डोंगर १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. अकोले तालुक्याचा हा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, म्हणजे १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभांना आपल्या परिसरातील साधनसंपत्तीबाबत अधिकार दिले आहेत. पाणी, जंगल आणि ग्रामसभा या तिन्हींना कायद्याचे संरक्षण असलेली अशी जागा महाराष्ट्रात क्वचित सापडेल. हंगामातल्या शनिवारी रात्री मात्र तिथे उभे राहिले तर यांपैकी एकही कायदा इथे लागू असल्याची शंकासुद्धा येत नाही.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार उजेडाची आहे. काजवा हा कीटक आपल्या करमणुकीसाठी चमकत नाही. उडणारा नर ठरावीक लयीत प्रकाशाची उघडझाप करतो आणि गवतात किंवा खालच्या झुडपांत बसलेली मादी त्याला प्रकाशानेच उत्तर देते. या देवाणघेवाणीतून त्यांचे मीलन होते. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचे असते, त्यामुळे हुकलेली रात्र भरून काढायला त्याच्याकडे फारसा वेळ नसतो. अशा वेळी झाडावर हेडलाइटचा झोत पडला, मोबाइलचे टॉर्च फिरले किंवा शेजारच्या तंबूंच्या वसाहतीत एलईडीच्या माळा रात्रभर पेटत राहिल्या, तर नराचा संदेश मादीपर्यंत पोहोचत नाही. कृत्रिम प्रकाशामुळे काजव्यांच्या प्रजननात अडथळा येतो हे जगभरच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. तेव्हा काजव्यांच्या झाडाखाली दिवे लावू नयेत ही निव्वळ सौजन्याची विनंती राहत नाही, पुढच्या वर्षी काजवे असावेत की नाही याच्याशी तिचा संबंध आहे.

मागच्या जून महिन्याच्या सुरुवातीला एका वाडीच्या वाटेवर, एका मोठ्या सादड्याच्या झाडासमोर आम्ही उभे होतो. झाड काजव्यांनी चांगले फुलले होते. तेवढ्यात तीन-चार गाड्या आल्या, दिवे न विझवता थांबल्या, आणि आतून उतरलेल्या मंडळींनी ‘कुठे आहेत?’ असे विचारत झाडावर टॉर्च मारायला सुरुवात केली. काही क्षणांत झाड काळे पडले. त्यांतल्या एका लहान मुलाने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काजवे भरले होते आणि त्याचे वडील कौतुकाने त्याचा व्हिडिओ काढत होते. तिथे गस्तीवर कोणी नव्हते, वाटाड्या नव्हता, आणि सूचनेचा एक फलक होता तो अंधारात वाचता येणे शक्य नव्हते. त्या मंडळींवर माझा राग नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण त्यांना प्रवेशाच्या वेळी पैसे घेऊन आत सोडले गेले होते आणि आत काय करू नये हे कोणीही सांगितले नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

यात छायाचित्रांचाही हात आहे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रांत जे संपूर्ण उजळलेले जंगल दिसते, ते पुष्कळदा दीर्घ काळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या अनेक चौकटी एकावर एक रचून तयार केलेले असते. डोळ्यांना तसे कधीच दिसत नाही. अंधाराला डोळे सरावायलाच पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि ज्याला ही कल्पना नाही तो ‘इथे काहीच नाही’ म्हणून टॉर्च काढतो. हंगामाची जाहिरात करताना हीच छायाचित्रे आपल्याही पत्रकांवर झळकतात, म्हणून हे आवर्जून लिहिले.

उजेडाइतकीच दुर्लक्षित राहणारी बाब जमिनीची आहे. आपल्याला उडताना दिसतो तो काजव्याच्या जीवनातला अखेरचा लहानसा भाग. त्याआधीचे बरेच महिने त्याची अळी ओलसर मातीत आणि पाचोळ्यात राहते, गोगलगायींसारखे मऊ जीव खाते. तंबूंसाठी उतार सपाट करताना, गाड्या लावण्यासाठी झाडांखालची जागा साफ करताना, शेकोटीसाठी पालापाचोळा गोळा करताना आपण नेमके तेच घर मोडतो. हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर ही झाडे उभी राहिली आणि खालची जमीन मेली, तर फक्त झाडे मोजून समाधान मानावे लागेल. वाहने लावण्यासाठी भाताच्या खाचरांचे बांधही फोडले जातात. आवणीच्या तोंडावर असा बांध पुन्हा घालणे म्हणजे काय कष्ट असतात, हे त्या शेतकऱ्याला विचारावे.

आवाजाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्यात वादाचा मुद्दाच नाही. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. जलाशयाच्या काठावर रात्री एक वाजता गाणी वाजतात, आणि पाण्यावरून आवाज लांब जात असल्याने ती पलीकडच्या वाडीत झोपलेल्यांना ऐकू येतात. नवा नियम नको, नवी समिती नको. असलेला नियम लागू करा.

जलाशयाच्या काठावरच्या तंबूंची गोष्ट मात्र अधिक गंभीर आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या बुडीत जमिनीवरही तंबू उभे राहतात, आणि त्यांतले किती नोंदणीकृत आहेत हे पर्यटकाला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. शेकडो माणसे रात्रभर राहतात तिथे शौचालयांची सोय किती आहे, त्यांचा मैला कुठे जातो, मांसाहारी जेवणाचे उरलेसुरले, प्लास्टिकच्या ताटल्या आणि दारूच्या बाटल्या सकाळी कोण उचलतो, याचे उत्तर पहिल्या जोरदार पावसानंतर पाण्यावर तरंगताना दिसते. हेच पाणी पुढे प्रवरेतून खाली उतरते. अकोले-संगमनेरकडे नळ सोडणाऱ्या माणसाने काजवा कधी पाहिला नसला तरी या प्रश्नात त्याचाही वाटा आहे. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील २७ वे कलम अभयारण्यात वन्य प्राण्यांना त्रास देण्यास आणि कचरा टाकण्यास स्पष्ट मनाई करते. या कलमाखाली हंगामात किती जणांवर कारवाई झाली, याची यादी आपण जाहीर करावी, म्हणजे माझा गैरसमज असेल तर तो दूर होईल.

रस्त्याची तक्रार माझी नाही, गावकऱ्यांची आहे. ती त्यांच्या परवानगीने मांडतो. धरणाभोवतीच्या वाड्यांना जोडणारा रस्ता अनेक ठिकाणी जेमतेम एका गाडीचा आहे. शनिवारी रात्री तो दोन्ही बाजूंनी तुंबतो. एखाद्या घरी आजारी माणूस असेल, कोणाला कळा सुरू झाल्या असतील, विंचू किंवा साप चावला असेल, तर राजूरला किंवा अकोल्याला पोहोचायचे ते याच रस्त्याने. पावसाच्या तोंडावर साप-विंचू बाहेर पडतात आणि गर्दीही त्याच दिवसांत उसळते, हे लक्षात घेतले तर यात केवढा धोका आहे हे वेगळे सांगायला नको.

एवढे वाचून मी हंगाम बंद करा असे म्हणतो आहे, असा समज होऊ शकतो. मी तसे म्हणत नाही, आणि कोणी तशी मागणी केली तर तिला विरोध करीन. या भागातली शेती पावसाच्या एका भातपिकावर उभी आहे. पीक निघाले की इथली महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे नारायणगाव किंवा नाशिकच्या बाजूला मजुरीला जातात. मे-जून हा घरातले धान्य संपत आलेला आणि बियाण्याचा खर्च समोर असलेला काळ. अशा वेळी अंगणात दोन तंबू लावून, दहा माणसांचे जेवण रांधून चार पैसे मिळत असतील तर ते त्यांच्या हक्काचे आहेत. बंदी घातली तर त्यांचे तंबू आधी उठतील आणि बाहेरून येऊन जमीन भाड्याने घेणाऱ्यांचे शेवटी, हेही आपण सगळे जाणतो. आजची स्थिती तरी वेगळी कुठे आहे? मोठ्या वसाहतींची जाहिरात शहरात होते, पैसे शहरातच जमा होतात, आणि गावातल्या मुलाच्या वाट्याला गाड्या लावून देण्याचे काम येते.

‘पर्यटकांनीच शिस्त पाळली पाहिजे, प्रत्येकामागे माणूस कसा उभा करणार?’ हे उत्तर मला तोंडी मिळालेले आहे. पहिला अर्धा भाग मान्य. परंतु हाच मराठी पर्यटक ताडोबात मोबाइल जमा करून, वाटाड्यासोबत, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या गाडीतून मुकाट्याने फिरतो. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घालण्यात आली, ऑनलाइन नोंदणी सुरू झाली आणि व्यवस्थापनात आसपासच्या गावांच्या समितीला स्थान मिळाले. तिथेही गर्दी होते, तिथल्या व्यवस्थेतही उणिवा आहेत, कुंपणावरून झालेला वाद तर प्रसिद्ध आहे. तरी फुले पाहायला किती माणसे सोडायची याचा निर्णय तिथे घेतला गेला. भंडारदऱ्यात तसा निर्णय प्रत्यक्षात उतरलेला मला दिसलेला नाही. दर हंगामात वेळेच्या, वाहनांच्या आणि फ्लॅशच्या बाबतीत सूचना निघतात, बातम्या छापून येतात, आणि शनिवारी रात्री आत येणाऱ्या गाड्या मोजणारे कोणी नसते.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडतो. काजव्यांच्या हंगामात, म्हणजे साधारण १५ मे ते पाऊस स्थिरावेपर्यंत, दर रात्री आत सोडायच्या वाहनांची संख्या ठरवावी आणि प्रवेश केवळ आगाऊ नोंदणीने द्यावा. ही संख्या किती असावी हे मी सांगणार नाही. ती ग्रामसभा आणि कीटकांचे अभ्यासक यांच्याशी बसून ठरवावी आणि तिची कारणे जाहीर करावीत. खासगी गाड्या शेंडी आणि मुतखेल इथेच थांबवाव्यात व पुढचा प्रवास स्थानिकांच्या वाहनांनी व्हावा. त्याने रस्ताही मोकळा राहील आणि भाड्याचा पैसा गावात राहील. काजव्यांच्या झाडांपर्यंतचा शेवटचा टप्पा पायी, प्रशिक्षित स्थानिक वाटाड्याबरोबर आणि फक्त लाल कागद लावलेल्या मंद विजेरीच्या आधारे असावा. आठवड्यातून किमान दोन रात्री काही वाटा पूर्णपणे बंद ठेवाव्यात, आणि त्या सोमवार-मंगळवारच्या सोयीच्या रात्री नसाव्यात. त्यांतली एक शनिवारची असावी. यावर ओरड होईल याची मला कल्पना आहे.

तंबूंच्या प्रत्येक ठिकाणाची नोंदणी सक्तीची करावी, नोंदणीकृत ठिकाणांची यादी क्षमतेसह प्रसिद्ध करावी, पाण्याच्या काठापासून किमान अंतर ठरवून ते जमिनीवर खुणा करून दाखवावे आणि पुरेशी शौचालये नसतील तिथे परवानगी देऊ नये. जागा मालकाची स्वतःची आणि तंबू मोजके असतील तर नोंदणीचे शुल्क नाममात्र असावे, नाहीतर कागदपत्रांच्या जाचात गावकरीच बाहेर फेकला जाईल. हंगामात तंबूंच्या ठिकाणी बाहेरचे दिवे झाकलेले, जमिनीकडे वळवलेले आणि ठरलेल्या वेळेनंतर बंद असावेत. ध्वनिक्षेपक आढळल्यास तो जप्त करावा. समज देऊन सोडून देणे पुरे झाले.

प्रवेशशुल्कातून हंगामात किती रक्कम जमा झाली आणि ती कशावर खर्च झाली, याचा हिशेब प्रत्येक गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि त्यातला ठरावीक वाटा गावांच्या परिस्थितिकी विकास समित्यांकडे द्यावा. सफाईसाठी आणि गस्तीसाठी गावातल्याच तरुणांना हंगामापुरते मानधनावर घ्यावे. आणखी एक मागणी आहे, जी कदाचित आपल्याला किरकोळ वाटेल : ठरावीक झाडे, ठरावीक रात्री, ठरावीक पद्धतीने पाहून काजव्यांची दरवर्षी नोंद ठेवावी. मावशी म्हणतात की पूर्वी अंगणातल्या आंब्यावर काजवे येत, आता त्यासाठी वर रानात जावे लागते. कोणी म्हणेल, हा आठवणींचा खेळ आहे. ते तपासून पाहायला आपल्याकडे नोंदच नसेल, तर खरे-खोटे कोणाला सांगणार?

या मागण्यांपैकी बहुतेकांना नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. लागतो तो हंगामापूर्वी घेतलेला निर्णय आणि त्याखाली एका अधिकाऱ्याची सही, म्हणजे रात्री अकरा वाजता गावकऱ्याने नेमका कोणाला फोन करायचा हे त्याला कळेल. आज जंगलाचा प्रश्न जलाशयाकडे, जलाशयाचा पोलिसांकडे आणि पोलिसांचा पुन्हा जंगलाकडे टोलवला जातो. या सर्व यंत्रणांनी मिळून हंगामापुरता एक जबाबदार अधिकारी नेमावा आणि त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक नाक्यावर, प्रत्येक ग्रामपंचायतीबाहेर ठळक अक्षरांत लावावा.

यासाठी एप्रिल संपण्यापूर्वी शेंडी इथे ग्रामसभांचे प्रतिनिधी, तंबू चालवणारे स्थानिक, अभ्यासक आणि आपल्यापैकी निर्णयाचा अधिकार असलेली माणसे यांची एकत्र बैठक घ्यावी, तिची तारीख किमान १५ दिवस आधी जाहीर करावी आणि तिचे इतिवृत्त सर्वांना वाचायला खुले ठेवावे. बैठक आठवड्याच्या मधल्या दिवशी असली तरी चालेल. मी रजा काढून येईन, आणि वरच्या प्रत्येक मुद्द्यावर मला चुकीचे ठरवण्याची पूर्ण मुभा आपल्याला असेल. लेखी उत्तर त्याआधी मिळाले तर ते मी याच पत्रासारखे जसेच्या तसे प्रसिद्ध करीन.

कळावे,

आपला विश्वासू,
भंडारदऱ्याला पुन्हा पुन्हा येणारा एक नाशिककर